कोपऱ्यातला गोळा

"हा कोपऱ्यातला गोळा खाली पडला तर कुणाला दिसणार?" सासूबाईंनी विचारलं.

जेवणाच्या टेबलावर मी आमच्या लाँड्रीचा नवा आराखडा पसरला होता. लेक त्यांच्या मांडीवर होती. एका हाताने तिला भरवत त्यांनी दुसऱ्या हाताचं बोट माझ्या कागदावर टेकवलं होतं. आराखड्यात मशीन म्हणजे चौकोन, ट्रॉलीचा रस्ता म्हणजे बाण आणि काम करणारी बाई म्हणजे गोळा. बाकीचे गोळे एकमेकांच्या आसपास होते. हा एकच भिंतीपलीकडे.

"आई, गोळे पडत नसतात," मी म्हटलं. "आणि बोट काढा, भात लागलाय त्याला."

"भात पुसता येतो," त्या म्हणाल्या आणि नातीच्या तोंडात पुढचा घास दिला.

मी कागद गुंडाळून ठेवला. आणि ही मी तीच, जिने घरात पाळण्याची जागा सारखी बदलली होती. ओट्यापाशी उभं राहिलं तरी पाळणा दिसला पाहिजे, कपडे वाळत घालताना दिसला पाहिजे, आरशात बघून केस विंचरतानाही पाठीमागे दिसला पाहिजे. मुलगी झोपली की मी तिच्या नाकापुढे हात धरून बघते. सासूबाई म्हणतात, "तिला येतो गं श्वास घेता. तू घे जरा."

आमच्या लाँड्रीत दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, गणवेश धुवायला येतात. मला तिथे घेतलं ते कामाची मांडणी लावायला. मी गेले तेव्हा मळक्या कपड्यांच्या ट्रॉल्या आणि धुतलेल्या कपड्यांच्या ट्रॉल्या एकाच दारातून जायच्या, आणि दारात रोज भांडण. ओल्या चादरी वाट बघत आंबायच्या. घडी घालणाऱ्या बायका जमिनीवरच्या टोपल्यांतून वाकून वाकून कपडे उचलायच्या आणि संध्याकाळी कमरेवर हात ठेवून घरी जायच्या. मी दारं वेगळी केली. टोपल्या उंच चाकांवर चढवल्या. फरशीवर पिवळी पट्टी चिकटवून प्रत्येक ट्रॉलीला तिची जागा दिली. यातलं काहीही मी आज मागे घेत नाही. कंबर वाचली, असं त्या बायका मला अजून सांगतात.

पण एक चौकोन उरला होता. गणवेशांची इस्त्री.

ती वाफेच्या प्रेसवर व्हायची, आणि प्रेस चालवायची काकी, सगळ्या हॉलची काकी. खाली पाट, वर जड झाकण आणि पायाशी पायडल. पायडल दाबलं की फुस्स करून वाफ सुटायची. काकीची प्रेस हॉलच्या मधोमध, आणि समोर घडीचं टेबल. त्या टेबलावर होती रेडिओ. तिचं खरं नाव तिच्या नवऱ्यालाही आठवत नसेल, असं मशीन दुरुस्त करणारा मिस्त्री म्हणायचा. रेडिओ सकाळी सुरू व्हायची ती सुट्टी होईपर्यंत. काकी मात्र कमी बोलायची. तिचं उत्तर वाफेतून यायचं. एक फुस्स म्हणजे हो, दोन म्हणजे नाही.

"काकी, साहेबांचा आजचा शर्ट बरा दिसतोय का गं?"

फुस्स फुस्स.

सगळा हॉल हसायचा, आणि साहेब केबिनच्या काचेतून बघायचे की नेमकं काय झालं.

साहेबांनी एकदा मला काचेपाशी उभं केलं. "मॅडम, मला एवढंच सांगा, यातलं काम कुठलं आणि गप्पा कुठल्या?"

मला ते वेगळं करता येईना. आणि शिकलेल्या माणसाला एखादी गोष्ट वेगळी करता आली नाही की तो भिंत घालतो. बॉयलरशेजारी एक रिकामी खोली होती. प्रेस तिथे हलवली तर वाफेचा पाइप आखूड लागणार होता. हॉलमधली उष्णता कमी होणार होती. इस्त्री झालेले गणवेश हँगरला लावून भिंतीतल्या खिडकीतून दांडीवर सरकवले की थेट बाहेर. कागदावर कुठूनही बघितलं तरी फायदाच. शिवाय त्या प्रेसला बाजूला एक गोल खटका होता. तो फिरवला की झाकण आपोआप खाली-वर व्हायचं आणि वाफही आपोआप सुटायची. बाईने फक्त कपडा ठेवायचा आणि उचलायचा. काकीने तो खटका कधीच वापरला नव्हता. प्रेस खोलीत हलवल्यावर मी तो वापरायला लावला. "पायाला आराम मिळेल, काकी," मी म्हटलं.

काकीने पायाकडे बघितलं. "पायाची तक्रार कुणी केली?"

भिंतीवर मी दिव्यांचा एक फळा लावला. प्रत्येक मशीनचा एक दिवा. मशीन चालू असेल तर हिरवा, बंद असेल तर लाल. साहेबांना तो फळा इतका आवडला की ते पाहुण्यांना आधी तिथेच न्यायचे. काम वाढलं, हे खरंच आहे. माझा आराखडा मुख्य कचेरीत गेला, आणि तिथून तो आदर्श मांडणी म्हणून सगळ्या शाखांना पाठवला गेला. खाली कोपऱ्यात माझी सही. मी घरी येऊन ती सही नवऱ्याला दाखवली. हॉलमधल्या बायकांनी माझं नाव नकाशाताई ठेवलं. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मी विचारलं नाही.

रेडिओने मात्र भिंतीला भिंत मानलं नाही. ट्रॉली ढकलत ती त्या खोलीवरून जायची आणि जाता जाता ओरडायची. आतून वाफेचा आवाज यायचा. "बघ, उत्तर देते माझी काकी," ती म्हणायची.

त्या दुपारी मी फळ्यासमोर होते. सगळे दिवे हिरवे. रेडिओ भिंतीपाशी थांबली.

"काकी, चहाला येतेस ना?"

फुस्स.

"येतेय म्हणाली," रेडिओने मला सांगितलं.

चहा आला. काकीच्या पेल्यावर कुणीतरी बशी झाकून ठेवली. मी आपली नेहमीच्या सवयीने सगळीकडे बघत होते. कोण आलं, कोण नाही, कुणाचा चेहरा उतरलाय. बघितल्याशिवाय मला राहवतच नाही. काकी चहा कधी थंड होऊ द्यायची नाही, आणि बशीखालची वाफ संपली होती. खिडकीतून येणाऱ्या दांडीवर हँगर जिथल्या तिथे होते. पण दिवा हिरवा. मला वाटलं, दांडी अडकली असेल.

"हाक मार ना परत," मी रेडिओला म्हटलं.

"काय गं बाई, नवरी मुलगी आहे का ही? काकी, येतेस की नाही चहा..."

फुस्स.

तिचा प्रश्न पुरा झालाच नव्हता. उत्तर मध्येच आलं.

रेडिओने माझ्याकडे बघितलं आणि मी तिच्याकडे. नक्की काय चुकतंय हे दोघींनाही सांगता आलं नसतं. आम्ही पळालो.

काकी प्रेस आणि भिंत यांच्यामधल्या जागेत पडली होती, गाल फरशीला टेकलेला. वर झाकण आपलं खाली-वर होत होतं, रिकाम्या पाटावर. मी खाली बसून तिच्या नाकापुढे हात धरला. मला ते एकच येतं. पण खोली वाफेने भरली होती. हाताला लागतंय ते काकीचं की मशीनचं, कळेना. मी उठून खटका बंद केला, परत बसले आणि परत हात धरला. मग लागला. बारीक, पण तिचा.

रेडिओ दारात उभी होती. "ती हो म्हणाली होती," ती म्हणत होती. "मी विचारलं तेव्हा हो म्हणाली होती."

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, उष्णतेने अंगातलं पाणी संपलं, त्यामुळे भोवळ. विश्रांती घेतली की काकी कामावर जाऊ शकतील, पण अशा कोंडलेल्या जागी नाही. शुद्धीवर आल्यावर काकीने पहिली गोष्ट विचारली ती ही, की पाटावर कुणाचा गणवेश जळला का.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि खुर्ची दिली. ते खुर्ची देतात तेव्हा काहीतरी मागणार असतात.

"वाईट झालं," ते म्हणाले. "मुख्य कचेरीला अहवाल द्यायचाय. तुम्ही एका ओळीत लिहा. कर्मचाऱ्याच्या प्रकृतीमुळे प्रकार घडला, मांडणीत दोष नाही."

"मांडणीत दोष आहे."

"मॅडम, ती मांडणी सगळ्या शाखांत चाललीय. तुमचंच नाव आहे त्यावर. स्वतःच्याच नावावर काट मारणार?"

"आणि काकी?"

"वय झालं त्यांचं. त्या जागी एखादी तरणी बाई देऊ. काकींना घरी विश्रांती मिळेल."

"किती दिवस?"

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "होते हळूहळू घराची सवय." मग आवाज मऊ करून म्हणाले, "तुमची नोकरी अजून पक्की व्हायचीय. घरात लहान मूल आहे. मी तुमच्या भल्याचं सांगतोय."

माझ्या मुलीचं नाव न घेता तिला त्या केबिनमध्ये आणलेलं मला मुळीच आवडलं नाही. तिला मी डासांपासून जपते, तापापासून जपते, जिन्यापासून जपते. तिच्या नावावर मला गप्प बसवायला मी कुणाला परवानगी दिली नव्हती. मी उठले. "मी काय लिहायचं ते लिहीन, साहेब," म्हटलं आणि बाहेर आले. बाहेर आल्यावर उगाच एक ट्रॉली ढकलत नेली.

घरी सगळं सांगितलं. नवरा म्हणाला, "जरा सबुरीने घे. लगेच नाही म्हणू नकोस."

"म्हणून झालं."

"मग झालंच," तो म्हणाला आणि भांडी घासायला लागला. तो काळजीत पडला की भांडी लखलखीत निघतात.

सासूबाईंना वाटलं असतं तर ‘मी तेव्हाच विचारलं होतं’ म्हणता आलं असतं. त्या नातीचे मोजे शोधत होत्या. "ती काकी परत येईल तेव्हा उभी कुठे राहणार?" त्यांनी विचारलं.

"ते साहेबांनी ठरवलंय. तिने यायचंच नाही."

"साहेबांनी ठरवलंय. तू काय ठरवलंयस?" एक मोजा सापडला, तो त्यांनी नातीच्या पायात चढवला. "मी दिवसभर हिला सांभाळते ती तू तिथे जाऊन मान डोलवावीस म्हणून नाही. मान डोलवायची तर घरी बस, मी जाते."

काकी सोमवारी येणार होती. साहेबांनी तिला फोन केला होता म्हणे, पण तिने उचलला नाही. रेडिओ म्हणाली, "मीच सांगितलंय उचलू नकोस म्हणून. न उचललेल्या फोनवरून कुणाला काढता येत नाही."

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत मी मिस्त्रीला बॉयलरच्या खोलीत नेलं. "प्रेस हॉलमध्ये घ्यायचीय. जुन्या जागी."

"पाइप लांब करावा लागेल."

"कर."

"हुकूम कुणाचा?"

"माझा."

"लेखी द्या."

कागद नव्हता. कपड्यांवर खुणा करायचा खडू खिशात होता. मी प्रेसच्या झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘बाहेर काढा’, आणि खाली सही केली. मिस्त्रीने मान तिरकी करून ती वाचली. "आयुष्यात पहिल्यांदा मशीनवर हुकूम बघतोय," म्हणाला आणि पाना घ्यायला गेला.

वाफ बंद केली, पाइप सोडवला. प्रेसला खाली चाकं होती, पण ती जागच्या जागी रुसल्यासारखी बसली होती. मी ढकलायला लागले तर हलेना. मग माझ्या हाताशेजारी रेडिओचे हात आले. मग घडीच्या टेबलावरच्या बाकीच्या बायकांचे. डबे अर्धवट टाकून त्या आल्या होत्या, कुणाच्या तोंडात अजून घास होता. प्रेस सुटली, घरंगळली आणि नेमकी दारात अडकली.

आणि नेमके तेव्हाच साहेब आले.

"हे कुणाच्या हुकमाने चाललंय?"

मिस्त्रीने पान्याने झाकणाकडे बोट केलं. "सही आहे, साहेब."

साहेबांनी ती वाचली. मग मला म्हणाले, "मॅडम, हॉलमध्ये उष्णता वाढेल."

"तुमच्या केबिनवर रोखलेला मोठा पंखा इकडे फिरवू."

"बायकांच्या गप्पा वाढतील."

"वाढू दे. तेही कामच होतं. मी ते आराखड्यात धरलंच नव्हतं, म्हणून मला ते काम दिसलं नाही. रेडिओ दिवसभर एका माणसाची खबर घेत होती, फुकट. ते काम आपण दिव्याला दिलं आणि दिवा खोटं बोलला."

"हे सगळं तुम्ही अहवालात लिहिणार?"

"लिहिलंय. सकाळीच पाठवलंय."

"मी तुम्हाला आज काढू शकतो. हे तुम्हाला माहीत आहे ना?"

"माहीत आहे." मी प्रेसवरचा हात काढला नाही. "काढा. पण प्रेस परत आत ढकलायला माणसं तुम्हाला बाहेरून आणावी लागतील. इथलं कुणी ढकलणार नाही."

त्यांनी बायकांकडे बघितलं. कुणी मान खाली घातली नाही. रेडिओ पहिल्यांदाच गप्प होती, आणि मला वाटतं साहेबांना तेच जास्त लागलं.

"दारातून तरी काढा," शेवटी ते म्हणाले. "रस्ता अडलाय."

आम्ही ढकलली. ती हॉलमध्ये आली तशी रेडिओने खाली वाकून, प्रेसच्या जुन्या जागी मी ट्रॉलीसाठी चिकटवलेली पिवळी पट्टी नखाने सोडवली आणि तिचा गोळा करून माझ्या हातात दिला. मिस्त्रीने पाइप लांब केला. जाता जाता त्याने तो गोल खटकाही काढून मला दिला. "ठेवा आठवण म्हणून." तो आता आमच्या घरी आहे. सासूबाई म्हणाल्या, नातीला खेळायला दे. मुलगी तोंडात घालेल म्हणून मी तो सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलाय.

सोमवारी काकी आली. बारीक झाली होती. प्रेसभोवती एकदा फिरली. झाकणावरचा खडू कुणी पुसला नव्हता, तो तिने वाचला आणि ओल्या फडक्याने पुसून टाकला. मग पायडलवर पाय ठेवला. मी पाण्याचा तांब्या तिच्या हाताशी ठेवला आणि पंखा तपासल्यासारखं करत तिथेच घुटमळले.

रेडिओला ते कळलंच. "काकी, नकाशाताईला माफ करायचं का?"

फुस्स फुस्स.

सगळ्या हसल्या. मलाही हसावं लागलं. मी वळले, फळ्यापर्यंत गेले. आणि बऱ्याच वेळाने, कुणी काही विचारलं नसताना, मागून एकदा आवाज आला. फुस्स.

मला अजून काढलेलं नाही. ‘कारणे दाखवा’ अशी नोटीस आली आणि मी कारणं दाखवली. कामाचं म्हणाल तर ते कमी झालेलं नाही. साहेब रोज फळ्याकडे बघून ते कमी व्हायची वाट बघतात.

पण माझा आराखडा सगळ्या शाखांत गेलेला आहे, सहीसकट. मी मुख्य कचेरीमार्फत प्रत्येक शाखेला कळवलं की ती मांडणी बदला, बॉयलरशेजारच्या खोलीतलं माणूस बाहेर काढा. साहेब म्हणाले, तो आराखडा कंपनीचा आहे, तुम्हाला परत मागता येणार नाही. मी म्हटलं, सही कंपनीची नाही. काही ठिकाणांहून ‘बघतो’ असं उत्तर आलं. काही ठिकाणांहून काहीच नाही. आणि एका शाखेने लिहिलं, "आमच्याकडे त्या खोलीचा दिवा कायम हिरवा असतो, काळजी नसावी."

उत्तरंही मुख्य कचेरीतूनच येतात, त्यांवर नुसता शाखेचा क्रमांक असतो; ती शाखा कुठल्या शहरात आहे हे मला कुणी सांगत नाही. कदाचित तुमच्याच. म्हणून हे लिहितेय. तुमच्या घराजवळ मोठी लाँड्री असेल तर तिच्या मागच्या बाजूने जा. तिथे बॉयलरच्या शेजारी एक बंद दार असेल आणि आतून ठरावीक वेळाने वाफेचा आवाज येत असेल. तो ऐकून परत फिरू नका. दार ढकला. आत एक बाई असेल. ती काय म्हणते ते तिच्या तोंडून ऐका, आणि ती काही म्हणत नसेल तर खाली बघा.